पंधरा मिलीचं झाकण

दुपारी जेवून आडवी होते. डोळे मिटतात तोच तो वास येतो. सडक्या पेरूसारखा गोड, त्यात मेल्या उंदराचा कुबटपणा. निकामी यकृतातून सुटलेली गंधकाची संयुगं श्वासावाटे बाहेर पडतात, हे मला पाठ आहे. तरी हात नाकाकडे जातोच.

"नाक काय धरतेस गं केतके? आत ये."

मधूकाका मोरीच्या कट्ट्यावर बसलाय. चैत्रात गेला, पण दारूने फुगवलेलं पोट तसंच आहे, बेंबी वर आलेली. दवाखान्यात त्या पोटातलं पाणी काढायचे, तेव्हा सोबत मीच असायचे. बी.एस्सी. झालेली म्हणून औषधपाणी माझ्याकडे.

"आज किती निघालं?"

"पाच लिटर."

"एवढी तर मला गुत्त्यातही कुणी दिली नाही एका बैठकीला." तो हसतो. हिरड्यांतून रक्त येतं. मी मान फिरवते.

मान फिरवते तिथे मोरी नाही, आमचं बैठकीचं घर आहे. काकाच्या रेवतीचा साखरपुडा चाललाय. काका खुर्चीत, नव्या सदऱ्यात.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ते गोड सिरप चुकवायचं नाही. दिवसाला दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. नाहीतर अमोनिया मेंदूपर्यंत जातो."

"मग दोन दिवस बंद का केलंस?"

"काकू म्हणाली, व्याह्यांसमोर घाण नको."

"ती चौथी शिकलीय. तू?"

रेवती त्याच्या पाया पडायला वाकते. आशीर्वादाला उचललेला त्याचा पंजा मनगटातून फडफडतो, पडतो, पुन्हा उठतो.

"सासरेबुवा आत्ताच टाटा करायला लागले!" पाहुणे हसतात, उलट हात हलवतात.

"तू ओळखलंस ना तेव्हा?"

"ओळखलं. हात असा फडफडतो तो अमोनिया मेंदूवर चढला की."

"मग?"

"चादरी मी धुवायचे, काका. दोन दिवस हात स्वच्छ होते माझे. बरं वाटत होतं."

तो रागावत नाही. औषधाचं झाकण काठोकाठ भरून पुढे करतो. "चाखून तरी बघ. एवढं काही वाईट नाही."

मी दोन बोटं बुडवून चाखते. नुसता पाक.

जाग येते. ऊन भिंतीवर चढलंय. ती सिरपची बाटली मी तेराव्यालाच झाकणासकट फेकली होती. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली आहेत, आणि उशीवरून मुंग्यांची रांग सरळ त्यांच्याकडे येतेय.