दुखण्याची सिस्टर

बरं न होणाऱ्या माणसाचं दुखणं घरी जाऊन कमी करायचं, हे माझं काम. डॉक्टर मॅडम आणि मी जीपनं कमलनगरच्या आसपासची गावं फिरतो. पेशंट बिचारे शांत असतात, डोकं फिरवतात ते नातेवाईक. एक किस्सा पचायच्या आत दुसरा तयार असतो.

परवा एका घरी मुलगा दारातच आडवा आला. "सिस्टर, अप्पाला कॅन्सर म्हणून सांगू नका. गॅस म्हणा." आत गेले, तर अप्पांनी खुणेनं जवळ बोलावलं. "पोराला कॅन्सर म्हणून सांगू नका, लई हळवा हाय. गॅस म्हणा."
दोघांना समोरासमोर बसवून मी गॅसवर भाषण दिलं.

मॉर्फिनचं तर विचारूच नका. एका जावयानं गोळ्या कपाटात कुलूपबंद केलेल्या, आणि सासू दिवसभर कण्हायलेली.
"गोळ्या कामून देत न्हाईत?"
"सवय लागंल की सिस्टर. आमच्या घरात कुणालाच कसलं व्यसन न्हाई," तो म्हणाला. ते सांगायला आधी त्याला बाहेर जाऊन गुटखा थुंकून यावं लागलं.

काशीबाईंना मात्र गोळी चांगली लागू पडली. पुढच्या खेपेला बघतो तर खाट रिकामी. सून म्हणाली, "आत्या बांधावर गेल्यात, भांडायला."
मॅडमनी कपाळाला हात लावला. "रिपोर्टमध्ये काय लिहू?"
"हालचाल सुधारली, लिहा."

दुसऱ्या गावातले पेशंट नरसिंगअप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ माणिकअण्णा यांचं बोलणं कैक वर्षांपासून बंद होतं. कामून, ते दोघंही सांगेनात. अण्णा रोज यायचे, खाटेपासून हातभर अंतरावर बसायचे आणि मला म्हणायचे, "त्याला विचारा, दुखायलंय का."
अप्पा मला म्हणायचे, "त्याला सांगा, न्हाई."
मराठीचं मराठीत भाषांतर करून मी वैतागले होते.

शेवटी अप्पांची वाचा गेली. अण्णा नेहमीसारखे म्हणाले, "त्याला सांगा..."
"त्यांना ऐकू येतंय," मी म्हटलं. "तुमचं तुम्हीच सांगा."
अण्णा स्टूल पुढं ओढून खाली वाकले.
"नरसिंग, ज्वारी काढली. तुझीबी काढली."