वाऱ्यातला तरंगा

गळाने मासे धरण्याइतका घाणेरडा छंद दुसरा नाही, हे माझं लहानपणापासूनचं मत आहे. आमच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात गांडुळं असायची. एकदा मावशीनं हौसेनं तो डबा उघडला, तेव्हापासून ती आमच्याकडे गोड खात नाही. बाबा वाळूजला कारखान्यात होते. सुट्टीचा दिवस आला की काठी घेऊन तलावावर. आई म्हणायची, या माणसाचं लग्न चिखलाशीच लावायला पाहिजे होतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. हळूहळू मूठ मिटायला लागली, पण व्यायामाचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग यंदा उन्हाळ्यात एका सकाळी मला म्हणाले, "एकदा तळ्यावर ने. माझ्या हातानं एक मासा निघाला तर ठीक. नाय निघाला तर त्या काठ्या भंगारात दे." काठ्यांबरोबर ते आणखी काय सोडून देणार होते, ते मला आवाजावरून कळलं. म्हणून मी गेले. हौसेनं नाही.

आईनं पोळ्यांचा डबा दिला आणि वर भांडी घासायच्या साबणाची वडी. मासळीच्या हातांनी उघडलेला डबा तलावावरच घासून आणायचा, तसा घरात आणायचा नाही, असं बजावलं.

तलावाचा काठ पाहून मला शिसारी आली. थर्माकोलच्या पत्रावळ्या, गुटख्याच्या पुड्या, दारूच्या बाटल्या, आणि निर्माल्य टाकायचं तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. देवालाही गुदमरवतील हे लोक. त्या उकिरड्यात मी बाबांची खुर्ची मांडली, श्वास रोखून गळाला गांडूळ लावलं, आणि काठी त्यांच्या हातात दिली. एकदा त्यांनी ती धरली की तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नियम.

वारा आडवा सुटला होता. बाबांचा तरंगा मोरपिसाच्या देठाचा. तो पाण्यात उभा राहावा आणि मासा लागला की बुडावा, एवढंच त्याचं काम. पण पाणी वाऱ्याबरोबर वाहत होतं, वर पडलेल्या तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, पोट सुटत होतं, आणि तो दोरा तरंग्याला ओढत थेट गवतात नेत होता. खाली गांडूळही फरफटत होतं. "पळत्या ताटात कोण जेवतं?" बाबा म्हणाले.

यावरचा इलाज त्यांना पाठ होता. गळ टाकला की काठीचं टोक पाण्यात खुपसायचं, दोरा थोडा ओढून घ्यायचा. तो पाण्याखाली गेला की वाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बाबांनी डाव्या हातानं गळ फेकला, टोक बुडवलं, रीळ फिरवलं. दोरा बुडाला आणि पुन्हा वर आला. पुन्हा तेच. शेजारी मोटारसायकलवर बसून दोघं फुकटचे सल्ले देत होते. त्यांनाही पाण्यात खुपसावं असं वाटलं. उजव्या मुठीतून काठी निसटायला लागली तसे बाबा थांबले.

"चल. गुंडाळ."

मी दोरा हातानं ओढायला घेतला. बोटं बुळबुळीत झाली. आता ही कसली घाण, म्हणून मी वास घेतला. खोबरेल तेलाचा वास होता.

"बाबा, याला तेल लावलंय."

त्यांनी दोरा नाकाशी नेला. "तुझ्या आईचं काम हाय हे," ते म्हणाले.

आमच्या घरात ठेवणीतल्या वस्तूला तेल लागतंच. बिजागऱ्या, अडकित्ता, शाळेत जाताना आमची डोकी. ज्या काठ्यांना ती जन्मभर शिव्या देत आली, त्यांचा दोरा कडक होऊन तुटू नये म्हणून ती तेल लावत राहिली होती, बाबा अंथरुणात असताना. तेलकट दोरा बुडणार कसा?

मी साबणाची वडी काढली. काठी बाबांच्याच हातात, आणि मी गुडघ्यावर बसून त्या गलिच्छ पाण्यात हातभर हातभर दोरा घासत होते. मोटारसायकलवाले हसून निघून गेले. बाबांनी परत गळ टाकला, टोक बुडवलं. दोरा खाली गेला आणि खालीच राहिला. पाणी त्याच्यावरून पळत होतं, तरंगा मात्र जागचा हलेना. मग तो एकदम दिसेनासा झाला.

बाबांनी उजव्या मुठीनं काठी उचलली. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

निघाली तळहाताएवढी चिलापी. या मासळीला बाबा कायम गटारी म्हणायचे आणि कुत्र्यांना टाकायचे. आता म्हणाले, "पिशवीत घाल. लई चांगली हाय." गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "माय, तेलाचं आईला सांगू नको."

घरी आईनं नाकाला पदर लावला, काय ही घाण, म्हणाली, आणि लसूण लावून ती तळली. मग सहज विचारावं तसं विचारलं, दोरा तुटला तर नाही ना? बाबा म्हणाले, नव्यासारखा आहे.

शनिवारी संध्याकाळी पाहिलं तर आई खोबरेलाची बाटली घेऊन बसली होती. तोंड किळसेनं वाकडं करून दोरा बोटांतून ओढत होती. बाबा समोर बसून उजव्या हातात रबरी चेंडू दाबत तिच्याकडे बघत होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "उद्या पिशवीत साबण ठेव."