नव्या कापडाने गाळलेले डिझेल

पौड स्टँडवरच्या गाडीवाल्या मंडळींनो,

आज बुधवार, १० मे १९६१. सकाळी सव्वासहा वाजता मी दुधाच्या सात किटल्या घेऊन कासार आंबोलीहून पुण्याला निघालो होतो. पिरंगुटच्या घाटात आमची डिझेलची पिकअप आचके देत बंद पडली. ऊन चढायच्या आत पोहोचलो नाही तर दूध नासणार होते.

फिल्टर उघडला तर आत पांढरा लगदा. काल, जुनी चिंधी मळकी म्हणून, मी डिझेल कोऱ्या मांजरपाटातून गाळले होते.

स्वतःची किटली घेऊन शेजारी बसलेल्या सखूमावशींनी विचारले, "कापड धुतलंवतंस का?"

"नाही. नवीनच होतं."

"आरं, नव्या कापडाला खळ आन् तूस असतीय. आमी दूध तरी गाळतो का तसं? एवढा शिकलेला तू, आईला इचारायचं की."

फिल्टर धुऊन मी हातपंपाने डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढू लागलो. मावशी वाकून बघत होत्या. "आजून बुडबुडं येत्यात. हाण."

वाटेत आणखी दोनदा तेच करावे लागले. पुण्यात दूध केंद्रावर सहा किटल्या घेतल्या, सातवी नासली म्हणून परत केली. ती मावशींचीच होती.

त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या येळेवर ये."

मी हो म्हणालो. पण टाकीच्या तळाशी अजून तूस असेल. टाकी खाली न उतरवता साफ कशी करायची? माहीत असेल त्याने कृपया आज दिवस मावळायच्या आत मला सांगावे.