थेंबवाल्या वन्सं

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचे डोळे आले की माणूस डॉक्टरकडे जात नसे, आमच्या वन्संकडे जाई. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहत. परळच्या एका मोठ्या इस्पितळात केसपेपर काढायच्या खिडकीवर त्यांनी नोकरी केली, आणि त्या खिडकीतून इतके आजार आत जाताना पाहिले की आपण निम्म्या डॉक्टर आहोत, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. "डॉक्टर पेशंटला नंतर बघतो, आधी मी बघते," असं त्या म्हणत. आता हे खोटं आहे असं कोण म्हणेल?

त्यांचं सगळं वैद्यक एका बाटलीत मावायचं. कधीकाळी त्यांचे स्वतःचे डोळे आले होते तेव्हा कुणा डॉक्टरने आठवडाभरासाठी थेंब लिहून दिले. गार वाटलं, लाली गेली. झालं! आठवडा संपला, डॉक्टर विसरला, बाटली मात्र वन्संच्या घरची माणूस झाली. संपली की कोपऱ्यावरचा केमिस्ट नुसतं "वन्संची बाटली" म्हटलं की काढून द्यायचा. मसाल्याच्या दिवसांत घरोघरी मिरच्या भाजायला लागल्या आणि रस्त्यावरच्या मसाला कुटायच्या डंकिणी धडधडायला लागल्या की अख्ख्या चाळीचे डोळे चुरचुरत. मग वन्सं गॅलरीत स्टूल टाकून बसत आणि रांग लागे. "मान वर कर. माझ्याकडे काय बघतोस, आढ्याकडे बघ!" की टप्प. शेवटचे दोन थेंब झोपताना स्वतःच्या डोळ्यांत, रोज, मिरच्या असोत वा नसोत. पोरं त्यांना थेंबवाली आत्या म्हणत.

मी गिरगावातली. लग्न होऊन आले तेव्हा सिनेमावाल्यांनी मला पाहिलं नाही हे त्यांचं फुटकं नशीब, असं माझं प्रामाणिक मत होतं. डोळ्यांत बोटभर काजळ. नवी सून बघायला पाहुणे यायचे होते आणि नेमकी शेजारी कुणीतरी बेडगी मिरची भाजायला घेतली. माझ्या डोळ्यांतून धारा. वन्संनी दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि काही कळायच्या आत टप्प, टप्प. काजळ ओघळून हनुवटीपर्यंत आलं. मी आत गेले ती दशावतारातल्या राक्षसासारखी. सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "माहेरची आठवण येतेय हो पोरीला." वन्सं दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होत्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

निवृत्त झाल्यावर वन्संनी एक नवी सवय लावून घेतली. बाजूने कुणी गेलं तर ओळखच देत नसत. हाक मारली की सगळी मान वळवून, एखाद्या संस्थानाच्या राणीसारख्या बघत. मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे तरुणच, आणि वयाला शोभेल इतकी मूर्ख. "पेन्शन काय सुरू झालं, बाईंची मान वळेना," असं मी नळावर सांगत फिरले. वन्सं म्हणायच्या, "मी सरळ बाई आहे. आजूबाजूला बघायची मला सवय नाही." मग एक दिवस त्या गॅलरीत मधोमध ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर सरळ जाऊन आपटल्या. पिंप काही आजूबाजूला नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "आजी, काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यातही कडेचं बरंच गेलंय. काही थेंब घालता का?" वन्संनी मोठ्या अभिमानाने पर्समधून बाटली काढली.

"हे किती दिवस घालताय?"

"दिवस काय विचारतेस पोरी, वर्षं विचार."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मग हळूच म्हणाल्या की यात स्टेरॉइड आहे. थोडे दिवस घातलं तर औषध. वर्षानुवर्षं घातलं तर काहींच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही.

मला वाटलं, आता या रडतील. पण त्या केवढ्यांदा तरी ओरडल्या, "अगंबाई, आणि चाळ?"

स्वतःचा डोळा गेला याचं दुःख करायला त्यांना सवडच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. "तुझ्या डोळ्यांत मी थेंब घातलेत. जा, प्रेशर तपासून ये." लोक म्हणत, "वन्सं, आमचं बीपी नॉर्मल आहे." "मेल्या, डोळ्यातलं प्रेशर! बीपी तुझ्या बायकोला विचार." जे गेले नाहीत त्यांच्या उंबऱ्यावर त्या बसून राहत. लालबागच्या माणसाला पाहुणा चालतो, उंबऱ्यावर बसलेली म्हातारी चालत नाही. सगळे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाचं वाढलेलं निघालं, पण वेळेत. माझं ठीक निघालं ते कळल्यावर वन्सं माझ्यावर खेकसल्या, "मग तोंड पाडून काय बसलीस? चहा टाक!" आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिल्या.

आता लढाई उरली ती उजव्या डोळ्याची. जुनी बाटली गेली, काचबिंदूचे नवे थेंब आले, तरी प्रेशर उतरेना. ऑपरेशन करून डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट काढली. काही महिन्यांत ती वाट आतून जखम भरल्यासारखी भरून आली. पुन्हा काढली, पुन्हा बुजली. माझा मुलगा डोंबिवलीला राहतो. तो म्हणाला, "आत्या, हाही डोळा गेला तर तू आमच्याकडे यायचं. आईचे गुडघे बघ, ती तुला कशी सांभाळणार?" मुलगा गुणाचा आहे. सुनेने खोलीही रिकामी केली होती. वन्सं त्याला "हो रे बाळा" म्हणाल्या आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "सुमे, मी डोंबिवलीला मेले तर भूत होऊन परत इथेच येईन. भाडं देणार नाही."

हसण्यावारी नेलं, पण मला माहीत होतं. ती एक खोली, तिची किल्ली, मनात येईल तेव्हा स्टोव्ह पेटवून केलेला चहा, एवढंच त्या बाईने जन्मभर कमावलं होतं. डोळा गेला की तेही गेलं.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा अल्ट्रासाउंडचं काढलं. सांगायची पद्धत छान. म्हणाल्या, "आजी, डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि बाहेर जातं. तुमची मोरी तुंबलीय. आम्ही दोनदा नवी काढली, दोनदा बुजली. आता मोरीच्या नादी न लागता नळ थोडा कमी करू."

"हे आत्ता सुचतंय होय?" वन्सं म्हणाल्या. "आमच्या चाळीत मोरी तुंबली की पोरंसुद्धा आधी नळ बंद करतात."

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. मग गंभीर होऊन सांगितलं: चाकू नाही, टाके नाहीत. डोळा बधिर करून त्यावर एक वाटीसारखं बसवायचं, त्यात पाणी भरायचं, आणि कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी पाणी तयार करणाऱ्या भागाला शेक द्यायचा, म्हणजे पाणी कमी तयार होईल. पण गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकावी म्हणून हा प्रयत्न. गुण यायला काही आठवडे लागतात, कधी पुन्हा करावं लागतं, कधी लागूही पडत नाही.

चाळीत बातमी पसरली ती वन्संची सोनोग्राफी आहे अशी. तळमजल्यावरच्या काकू डोळे विस्फारून म्हणाल्या, "या वयात?" वन्सं म्हणाल्या, "हो ना. काही झालंच तर पेढे आधी तुम्हाला."

त्या दिवशी इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. म्हणाल्या, "तू डावीकडून चाल. त्या बाजूला बघण्यासारखं काही नसलं तरी मला चालतं." मी रागावले नाही. तो हात थंडगार होता.

आत गेल्या आणि बाहेर माझा चहाचा कप संपायच्या आत झालंही. डोळ्यावर पट्टी. पुढचे काही दिवस लाली, धूसर दिसणं. वन्सं किल्ली उशाशी घेऊन निजत. मुलगा फोन करून विचारे, "कपाट न्यायचं का गं आत्याचं?" मी म्हणे, "थांब रे जरा."

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि मान वर केली. "उतरलंय आजी. थेंब सोडायचे नाहीत, तपासणी चुकवायची नाही. पण छान उतरलंय."

"म्हणजे माझी खोली राहिली?" वन्संनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. "डोळा राहिला, आजी."

"तेच विचारतेय."

घरी आलो. मला वाटलं, आता मला आत बोलावतील, चहा करतील. वन्संनी चाचपडत नाही, बघून, कुलपात किल्ली घातली, आत गेल्या आणि म्हणाल्या, "आता तू जा. मला जरा एकटीला बसू दे." माझ्या तोंडावर दार लावलं. कडीचा आवाज आला. उभ्या जन्मात कुणी तोंडावर दार लावलं म्हणून मला इतका आनंद झाला नव्हता.

त्यानंतरची काही वर्षं त्या त्याच खोलीत राहिल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेत तिथेच गेल्या. सुताराला बोलावून दार उघडावं लागलं. मुलगा डोंबिवलीहून धावत आला, रडत म्हणाला, "मी तिला आधीच घेऊन जायला हवं होतं गं, आई."

मी म्हटलं, "आला असतास ना, तरी तिने कडी काढली नसती."