वडगावात पहिला आलो

कोल्हापूरच्या स्टेशनावर उतरतो न उतरतो तोच एका धिप्पाड तरुणाने माझ्या पेटीला हात घातला. "द्या की पावणं!" मी पेटी छातीशी धरली. संस्थान नुकतेच विलीन झालेले, माणसे अनोळखी. आणि न मागता मदत करणाऱ्याची मला पहिल्यापासूनच धास्ती. पुढे कळले, हा बापू, आमच्याच शिबिरातल्या दुसऱ्या तुकडीचा नायक.

शिबिर युवक मंडळांचे पुढारी तयार करण्यासाठी होते. शेवटच्या दिवशी दोन्ही तुकड्यांनी पेठ वडगावपर्यंत चालायचे. जो नायक आपली तुकडी आधी पोहोचवील, तो पुढच्या वर्षीचा शिबिरप्रमुख. पहिल्या तुकडीचा नायक मी; नगरहून त्या मानासाठीच आलो होतो.

पंचगंगेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना ऊस, पायाखाली फुफाटा. बापूची तुकडी मागून रमतगमत येत होती. शर्यतीत माणूस इतका निवांत असतो का? मला काही ठीक दिसेना.

पुढे गुऱ्हाळ लागले. गुळाचा खमंग वास सुटला होता. एक म्हातारा आडवाच आला. "रस घेतल्याबगार जायाचं न्हाय. बापूनं सांगून ठेवलंय, पावण्यांस्नी सोडू नगा."

माझा संशय पक्का झाला. "थेंबही घ्यायचा नाही," मी तुकडीला बजावले. "आपल्याला अडकवायचा डाव आहे."

"डाव तर डाव. घसा सुकलाय, नायक," म्हणत सोलापूरचा दिगंबर खुशाल बसला. त्याच्यापाठोपाठ उरलेले चौघेही. वर भाकरी आणि काकवी (उसाचा पातळ पाक) आली. मी संतापून एकटाच निघालो. येतील झक मारत, असे वाटले.

वडगावच्या बाजारात शिबिराचे गुरुजी झाडाखाली बसले होते.

"पहिला आलो," मी म्हणालो.

"तुकडी?"

"मागून येतेय."

त्यांनी सरकून मला सावलीत जागा दिली.

बऱ्याच वेळाने सगळे गाणी म्हणत एकदमच आले. कोण कोणत्या तुकडीचा, ओळखू येईना. दिगंबरचा पाय मुरगळला होता. तो बापूच्या आधाराने लंगडत होता.

मी बापूला सर्वांसमोर धारेवर धरले. "गुऱ्हाळावर निरोप तूच ठेवलास ना?"

"व्हय की! मामाचं गुऱ्हाळ हाय. आमच्या रानातनं पावणं तहानेलं गेलं, तर मामा मला घरात घील?"

"आणि शर्यत?"

"आमी बी तितंच बसलो की! तुझ्यासाठनं बी आणलाय." त्याने रसाचा तांब्या पुढे केला. मी आधी आत डोकावून पाहिले. सगळे हसले.

गुरुजींनी बापूचे नाव जाहीर केले. सर्वांत जोरात टाळ्या माझ्याच तुकडीने वाजवल्या. ते फार लागले.

परतीच्या गाडीत मी सारे पुन्हा तपासून पाहिले. तो डावच होता, असे मला अजूनही वाटते. निरोपाचे तर त्याने स्वतःच कबूल केले. माझे कुठेच चुकले नव्हते. फक्त गुरुजींनी "तुकडी?" म्हणून विचारले, तेव्हा मी मागे वळून पाहिले होते, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.