मामांची खोडाखोड

स्वतःच्या हाताबाहेर जगातली कुठलीही गोष्ट जाऊ द्यायची नाही, अशा हट्टानं जगलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे लाटंबार्से गावचे मामा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मामा अमूर्त चित्रं काढत. त्यांत झाड नाही, माणूस नाही, नुसते रंग. पण ते कुठून पाहायचे हे मात्र मामाच ठरवणार. पाहुण्याला खांद्याला धरून ते मागे मागे नेत. एकदा असं नेता नेता त्यांनी माझ्या सासऱ्यांना बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, पायऱ्या उतरवून थेट काजूच्या झाडांत उभं केलं आणि विचारलं, "आतां दिसता?" सासरे बिचारे म्हणाले, "दार दिसता."

चित्रांहूनही त्यांचा जीव वह्यांवर. रंग कुठे थांबवावा, चित्रावर चित्रकाराचा ताबा कुठवर असावा, हे सगळं ते हातानं लिहीत, खोडत, खोडलेल्यावर पुन्हा लिहीत, समासात बाण मारत. एका अख्ख्या पानावर फक्त 'थांब' एवढंच होतं.

मी डिचोलीच्या एका कचेरीत टायपिंग करणारा. वह्या टाईप करायला मामांनी माझ्याकडे दिल्या तेव्हा मी फुशारलोच. खोडाखोड गाळली, वाक्यं सरळ केली, सुबक बाड बांधून नेलं. मामांनी पान न् पान पाहिलं.

"आनी म्हजें खोडलेलें खंय गेलें?"

"चुकलेलं होतं ना मामा, म्हणून..."

"खंय चुकलों तें कळूंक नाका?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वह्या परत घेतल्या, मला चहा-पाव दिला आणि विषय मिटवला. मीही फुगून बसलो. जाऊन माफी मागू, मागू म्हणत दोन वर्षं घालवली. लाटंबार्से काही लांब नव्हतं.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. आता मी दर रविवारी जातो. ते सांगतात, मी लिहितो. खोड म्हणाले की खोडतो, तेही खालचं वाचता येईल असं. गेल्या रविवारी एका वाक्याशी अडलो. "मामा, असंच ठेवू की बदलू?"

"तुका बरें दिसता तशें कर रे," ते म्हणाले.

मी मुद्दाम एक भलताच शब्द घातला, वाक्य मोठ्यानं वाचलं आणि ते उसळतील म्हणून वाट पाहत बसलो.

मामांनी हळूच मान हलवली. "बरें जालां," म्हणाले.