अंगात आलेला कुत्रा

माझ्या मुलीने गंमत म्हणून मोबाईलवर त्या भित्र्या कुत्र्याच्या भुताटकीच्या कार्टूनचे सगळ्यांत रटाळ भाग शोधून काढले. पहिलाच लागला आणि मी थबकलो. हा आम्ही लहानपणी गोडदेव गावात, शेजारच्या कोळीणमावशींकडे पाहिला होता. नव्वदचं दशक सरत आलेलं, त्यांच्याकडे नुकतंच केबल आलेलं आणि घरभर सुक्या बोंबलांचा वास.

या भागात भूत येतच नाही. कुत्रा दारात बसून नुसता थरथरतो. "एकदम बंडल आहे यार," आम्ही पोरं वैतागलो.

"गप बसा!" मावशी ओट्याजवळून पुढे आल्या. "त्याच्या अंगात आलंय, दिसत न्हाय?"

आम्ही हसणारच होतो. पण मावशींनी डोक्यावर पदर घेतला, देव्हाऱ्यातलं कुंकू बोटावर घेऊन टीव्हीच्या काचेवर कुत्र्याच्या कपाळाला लावलं, आणि चट् असा आवाज झाला. त्यांच्या हातावरची लव सरसरून उभी राहिली.

"बघितलंत? देव हाय."

आमचे हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. कुंकवाच्या बोटामागे कुत्रा थरथरतच होता.

ती टीव्हीच्या काचेवरची स्थिर वीज होती, हे पुढे शाळेत कळलं.

"पप्पा, बोर आहे. पुढचा लावू?"

"थांब जरा." मी कुत्र्याच्या कपाळाला बोट लावलं. मोबाईलची काच गप्पच राहिली. माझ्या हातावरची लव मात्र उभी होती.